आमोसला मारलेली हाक

खुर्चीचा पाय मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी पाठमोरी होते. दोरीवरचा टॉवेल ओढून घ्यायला मोरीच्या दाराबाहेर आले होते, तेवढ्यात. वळून बघते तो अमोलिक भिंतीला पाठ घासत खाली गेलेले, प्लास्टिकची खुर्ची एका अंगाला कलंडलेली, बादली उपडी आणि साबणाचं पाणी सगळीकडे.

“लागलं का हो?”

“लागलं असेल,” ते म्हणाले. “डावीकडं लागलं असेल तर मला कळायचं नाही. तूच बघ.”

अमोलिक म्हणजे माझे यजमान. एस.टी.त ड्रायव्हर होते. दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागत, असा मोठ्या हाडाचा माणूस. निवृत्ती जवळ आली असतानाच पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली. त्याला आता काही वर्षं झाली होती. बोलणं जरा जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं आणि जीभही पूर्वीसारखीच होती. मी त्यांना रोज उठवत होते, बसवत होते, मोरीपर्यंत नेत होते, न्हाऊ घालत होते.

मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. ते हलले नाहीत, मीच घसरले. मग टॉवेल पाठीमागून घेऊन दोन्ही टोकं धरली आणि सगळा जोर लावला. त्यांनी उजवा पाय फरशीला टेकवून उचलायचा प्रयत्न केला, तो साबणावरून सटकला. माझ्या कमरेत अशी कळ आली की काही वेळ मला सरळच होता येईना. मी तशीच वाकून उभी राहिले. त्यांच्या ओल्या डोक्यावर माझा घाम गळत होता.

“थांब जरा,” ते म्हणाले. “एक पडलाय तेवढा पुरे.”

नाताळाला थोडे दिवस राहिले होते. ऊन होतं, पण हवेत गारवा होता आणि मोरीची फरशी तर बर्फासारखी. मी आत जाऊन गोधडी आणली, त्यांच्या अंगावर टाकली. ती लगेच भिजायला लागली. तेव्हा मला दुसरीही गोष्ट कळली. पडताना त्यांना संडास झाली होती. वास येत होता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

“करुणाला फोन करू का?” मी विचारलं. करुणा आमची मुलगी, पुण्याला असते.

“कर की. ती तिथनं हात लांब करून उचलेल मला.”

आम्ही गावाबाहेरच्या जुन्या मिशनच्या आवारात राहत होतो. एका ओळीत सहा-सात घरं, पुढे चिंचेची झाडं, पलीकडे देऊळ. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. एरवी आवारात सतत माणसांचा राबता असे. त्या दिवशी नेमका शेजारच्या गावी मंडळीचा, म्हणजे देवळातल्या सगळ्यांचा, मेळावा होता. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांच्यासकट सगळे सकाळीच टेम्पोत बसून, गाणी म्हणत गेले होते. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी येणार नाही हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

सुरुवातीला बायका येत. चक्रनारायणांची सुनंदा म्हणाली होती, “बाई, आम्ही पाळ्या लावून घेतो. दुपारी एक जण येऊन बसत जाईल. तुम्ही जरा पाठ टेकत जा.” मी म्हणायचे, “नको गं. प्रभू शक्ती देतोय.” पुढे पुढे त्यांनी विचारायचं सोडलं आणि कौतुक करायला लागल्या. देवळात साक्ष देताना, उभं राहून आपला अनुभव सांगताना, कुणी ना कुणी म्हणायचं, एस्तेरबाईंकडे बघा, एवढं दुखणं घरात, पण तोंडातून कधी हूं की चूं नाही. मी खाली बघत बसायचे. त्या वेळी माझ्या मनात एकच विचार असायचा, उपासना लवकर संपली तर बरं, यांना लघवीला लागली असेल.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. पाय पुढे पसरले. परकराचा काठ घाण पाण्यात होता, तो वर घ्यायचंही माझ्यात त्राण नव्हतं.

“प्रार्थना कर,” अमोलिक म्हणाले.

त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं. प्रार्थना हे घरातलं माझं काम. सकाळ-संध्याकाळ मी करायची, ते शेवटी आमेन म्हणायचे, तेही कधी कधी पेंगत. मी डोळे मिटले, हात जोडले.

“हे कृपावंत स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो. आजवर तू आम्हांला आपल्या पंखांच्या छायेखाली—”

“एस्तेर.”

“काय?”

“हे देवळातलं नको. मला थंडी वाजतेय.”

मी डोळे उघडले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. हनुवटी थरथरत होती. मी पुन्हा डोळे मिटले. देवळातलं नको म्हणजे मग कुठलं? तोंड उघडं ठेवून मी थांबले आणि काहीच येईना. इतकी वर्षं मंडळीत, बायकांच्या सभेत, दवाखान्यात, मयताच्या घरी मी उभी राहिले की शब्द आपोआप येत. त्या दिवशी आत नुसतं कोरडं होतं. विहिरीत बादली सोडावी आणि ती खाली दगडावर आपटावी, तसं.

“येत नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आमोस असेल का गं घरी?”

आमोस पारधे आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. बायको मुलाला घेऊन माहेरी निघून गेली होती, आणि तो मार्केटयार्डात मिळेल ते काम करायचा, मिळालेलं पिऊन टाकायचा. मी मिशनच्या बालवाडीत शिकवत असताना तो माझ्या हाताखालून गेला होता. म्हणून मोठा झाल्यावरही मला बाईच म्हणायचा, यांना मामा. पण आता समोर आला की मान खाली घालून बाजूने निघून जायचा. देवळात तर त्याने पाऊल टाकणंच सोडलं होतं.

“तो प्यायलेला असेल,” मी म्हणाले.

“मग? मी उघडा आहे.”

“अहो, अशा अवस्थेत तुम्हांला त्याच्या हातात...”

“घाटात गाडी बंद पडली की आम्ही काय करायचो? खाली उतरून येईल त्या ट्रकला हात करायचो. ट्रकवाला कसा आहे हे नंतर बघायचं.”

“तो देवळाच्या पायरीवर सुद्धा येत नाही.”

“मी तरी कुठं जातोय?”

मी उठले नाही. मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी म्हणाले, “इतकी वर्षं मी एकटीनं केलं ना? कुणाच्या दारात गेले? कुणाला कधी बोलले?”

“नाही बोललीस.”

“मग आजच का?”

त्यांनी चांगल्या हातानं गोधडी गळ्यापर्यंत ओढली. बोलताना त्यांचे दात वाजत होते, म्हणून शब्द तुटत तुटत आले.

“दुसऱ्याच्या हातून ढुंगण धुऊन घ्यायला काय लागतं, ते मला विचार. पहिल्यांदा तू धुतलंस ना, त्या दिवशी मी देवाला म्हणालो, यापेक्षा मला ने. त्यानं नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा बादली घेऊन आलीस. मग मी काय केलं? हात वर केला. रोज करतो. मला काय आवडतं का ते?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे ते कधीच बोलले नव्हते. अंघोळ घालताना ते नेहमी काहीतरी थट्टा करत, साबण डोळ्यात घालतेस म्हणून ओरडत. मला वाटायचं, त्यांनी सगळं सहज घेतलंय.

“माझा हात दुखला रोज वर करून,” ते म्हणाले. “आज तू कर.”

मी भिंतीला धरून उठले. मागच्या दाराने बाहेर गेले. दोन घरांच्या परसांमधली भिंत माझ्या खांद्याइतकी होती. पलीकडे आमोसचं दार उघडं होतं. आत खाटेवर एक पाय दिसत होता.

पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो माझाच मला ओळखू आला नाही.

“आमोस! अरे आमोस, ये रे! मला उचलवत नाहीये!”

पाय हलला. तो दारात आला, डोळ्यांवर हात धरून उन्हात बघायला लागला. “बाई? काय झालं?”

“मामा पडलेत. ये.”

तो भिंतीवरून उडी मारून आला, पण आमच्या मागच्या दाराशी येऊन थांबला. लुंगी, मळका बनियन, दाढी वाढलेली. भिंतीकडे बघत म्हणाला, “बाई, मी सकाळी थोडी घेतलीय. तुमच्या घरात...”

“ये आत,” मी म्हणाले.

मोरीत शिरल्यावर त्याने नाक मुरडलं नाही. तो अमोलिकांच्या समोर उकिडवा बसला. “काय मामा, ब्रेक फेल?”

“डेपोला कळव,” अमोलिक म्हणाले. ते हसण्याचा प्रयत्न करत होते. आमोसने त्यांचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला.

“बाई, तुम्ही त्या अंगानं धरा,” तो म्हणाला. “मी म्हणलं की उचला.”

आम्ही उचललं. अमोलिक गुडघ्याइतके वर आले. मग माझा पाय सरकला, आमोसचा तोल गेला आणि आम्ही तिघंही खाली आलो. मी तर अर्धी अमोलिकांच्या अंगावरच. आमोस धापा टाकत होता. त्याच्या श्वासाचा वास, मोरीतला वास, साबणाचा वास, सगळं एक झालं होतं.

“परत,” तो म्हणाला. या वेळी त्याने अमोलिकांच्या छातीला मिठी घातली, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी डावा दंड घट्ट धरला होता. तो वर उचलायला लागला आणि मध्येच थांबला.

“बाई, सोडा.”

“अरे, पडतील ते.”

“तुम्ही तिकडं ओढताय. तुम्ही धरलंय म्हणून मला घेता येईना. सोडा हात.”

माझी बोटं सुटत नव्हती. अक्षरशः. त्या दंडाला ती इतकी सवयीने बसली होती की मी सोडा म्हटलं तरी ऐकेनात. अमोलिकांनी आमोसच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“सोड गं,” ते हळूच म्हणाले.

मी सोडला. आमोसने तोंडातून एक आवाज काढला आणि त्यांना उभं केलं. एवढा माणूस त्याच्या अंगावर लटकला होता. मी आतली लाकडी खुर्ची मोरीत सरकवली, एक एक पाऊल मागे सरकत तो तिच्यापर्यंत गेला आणि त्याने त्यांना तिच्यात बसवलं. मग मला म्हणाला, “गरम पाणी आहे का?”

मी पाणी दिलं. साबण दिला. स्वच्छ टॉवेल दिला. पुढचं मी करणार म्हणून हात पुढे केला, तर तो आधीच खाली बसून त्यांचे पाय धूत होता, मग मांड्या, मग बाकीचं. घाई नाही, लाज नाही. दोघं काहीतरी बोलत होते, कुठल्या तरी जुन्या गाडीबद्दल. मला वाटलं, जरा उंबऱ्यावर टेकावं, त्याला काही लागलं तर देता येईल. मी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.

आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. माझ्या अंगावर माझीच शाल होती. मोरी धुतलेली. गोधडी पिळून दोरीवर टाकलेली. मी दचकून उठले. अमोलिक खाटेवर, स्वेटर घातलेले, दोन चादरींखाली होते. डोळे मिटले होते, श्वास नीट चालू होता. आमोस पुढच्या पायरीवर बसला होता.

“उठवायचं नाहीस का रे?” मी म्हणाले.

“मामा म्हणाले, उठवलंस तर बघ.”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. खुर्चीवर बसायचं सुचलं नाही. चिंचेखाली शेळ्या फिरत होत्या. मेळाव्याची माणसं अजून परतली नव्हती.

“बाई, एक बोलू?”

“बोल.”

“तुम्ही देवळात माझं नाव घेऊन प्रार्थना केली होती. दारू सुटावी म्हणून. मी खिडकीबाहेर होतो. आत यावं की नाही, बघत होतो.”

मी पदर आवरून घेतला.

“तुमचं काही खोटं नव्हतं,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, तुम्ही देवाकडं माझी तक्रार करताय. लहानपणी आईकडं करायच्या तशी.” तो जरा हसला आणि तळहाताने तोंड पुसलं. “जाऊ द्या. निघतो मी.”

“आमोस,” मी म्हणाले, “आज तू माझं नाव घे.”

“म्हणजे?”

“प्रार्थना कर माझ्यासाठी. मला येत नाहीये.”

तो उभा राहिला, जणू मी त्याला काही भलतंच सांगितलं. “काय बोलता बाई! मी घेतलेली आहे. तोंडाला वास येतोय माझ्या.”

आतून अमोलिकांचा आवाज आला. ते जागेच होते. “देवाला नाक असेल तर त्याला आमच्या मोरीतलाही आला असेल. कर रे.”

आमोसने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा पायरीवर बसला. हात जोडावेत की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने ते दोन्ही गुडघ्यांमध्ये धरले. बराच वेळ गेला. मला वाटलं, हा आता उठून जाईल.

“देवा,” तो म्हणाला, “बाई लई दमल्यात.”

मी वाट बघत होते. तो पुढे काही बोलला नाही.

“आमेन,” अमोलिक आतून म्हणाले, या वेळी अगदी जागेपणी.

मी पदर तोंडाला लावला. हे वाक्य मी देवाला कधीच सांगितलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी बोलत होते, शक्ती माग, उपकार मान, ह्याच्यासाठी विनंती, त्याच्यासाठी विनंती. दमले हे काही सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती, की त्याच्याशिवाय जमेल असं वाटत होतं, कोण जाणे. मी पायरीवर बसून पोटभर रडले. आमोस कावराबावरा होऊन शेळ्यांकडे बघत राहिला.

संध्याकाळी टेम्पो आला. सुनंदा केळी घेऊन दारात आली. “बाई, मेळाव्यात तुमची फार आठवण काढली सगळ्यांनी. पाळकसाहेबांनी तर उपदेशात उदाहरण दिलं तुमचं.”

“सुनंदा,” मी म्हणाले, “ते पाळ्यांचं म्हणत होतीस ना? लावा. मला जमत नाहीये.”

तिच्या हातातली केळी तशीच राहिली. मग तिने ती खाली ठेवली आणि चप्पल काढून आत आली.

पुढची दोन वर्षं अमोलिक होते. दुपारी बायका यायच्या. कुणी फार बडबड करायची, कुणी औषध भलत्या वेळी द्यायची, आणि मला दुसऱ्या खोलीत पडल्या पडल्या ते ऐकू यायचं. मी उठायचे नाही. निदान बहुतेक वेळा. अंघोळ आमोस घालायचा. त्याची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. काही आठवडे सुटायची, मग पुन्हा लागायची. प्यायलेला असला की मोरीत यायचा नाही, भिंतीपलीकडून ओरडायचा, “बाई, आज नको!” त्या दिवशी अमोलिक बिनअंघोळीचे राहायचे आणि त्याला शिव्या द्यायचे. त्याची बायको परत आली नाही. देवळात मात्र तो अधूनमधून यायला लागला. मागे, दाराजवळच्या चटईवर बसायचा, उपदेश सुरू झाला की उठून जायचा.

माझी प्रार्थना लहान झाली. बायकांच्या सभेत मला कुणी उठवलं की मी दोन वाक्यं बोलून बसते. काहींना वाटलं, एस्तेरबाई विश्वासात थंड पडल्या. असेल.

अमोलिक गेले ते सकाळी, चहा पिताना. शेवटची अंघोळ आमोसनेच घातली. माणसं जमली होती, पाळकसाहेब आले होते, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. मला बोलावलं, पाण्यात हात घालून बघायला लावलं, बरोबर कोमट आहे का ते. मग म्हणाला, “बाई, आज तुम्ही धरा एका अंगानं.” आम्ही दोघांनी मिळून न्हाऊ घातलं.

कबरस्तानातून आल्यावर, पाहुणे गेल्यावर, करुणाही पुण्याला परत गेल्यावर एक दिवस असाच उजाडला. मी उठले, पाणी तापत ठेवलं. ते कशासाठी, हे ठेवल्यावर लक्षात आलं. चूल तशीच राहू दिली. मागचं दार वाजलं. आमोस उभा होता. अंघोळ केलेला, स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. त्याची यायची हीच वेळ होती. तोही नुसताच येऊन उभा राहिला होता.

“बाई,” तो म्हणाला, “आता मी काय करू?”

पूर्वीची मी असते तर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं असती. मी त्याला आत घेतलं. पाणी उकळतच होतं, त्यात चहा टाकला. दोन कप भरले आणि त्याच्यासमोर बसले.

“मलाही कळत नाही रे,” मी म्हणाले. “बस.”

तो बसला.